बोअरच्या पाण्यात गिझर आणि सोलर टिकवायचे कसे

थंडी सुरू झाली की नांदेड-परभणी-लातूर भागात एकच तक्रार ऐकू येते, गिझर तापंना गेलाय, सोलरचं पाणी कोमटच यायलंय, कॉईल गेली असंल बघा. मी हीच कामं करतो म्हणून सांगतो, बऱ्याच घरांत कॉईल धड असते आणि कंपनीचीही काही चूक नसते. उघडून बघितलं की आत पांढऱ्या खड्यांचा ढीग निघतो. आपल्याकडचं पाणी जड आहे आणि पाणी तापवायची कुठलीही वस्तू जड पाण्यात वर्षानुवर्षं साफ न करता चालत नाही, एवढी गोष्ट जर घरोघरी माहीत झाली तर लोकांचे लई पैसे वाचतील. म्हणून सगळं सविस्तर लिहायलोय, जरा लांब होईल, पण एकदा पूर्ण वाचा.

आधी हे होतं कशानं ते बघू. आपला बहुतेक मराठवाडा काळ्या बेसाल्ट खडकावर बसलाय, त्यातून मुरत जाणारं पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार सोबत घेतं आणि ते जितका जास्त काळ खडकात राहील तितकं सहसा जड होत जातं. हे क्षार बायकार्बोनेटच्या रूपात पाण्यात विरघळलेले असतात, दिसत नाहीत, पण पाणी तापलं की त्याचं कॅल्शियम कार्बोनेट होतं म्हणजे सरळ चुनखडी, आणि ती जिथं सगळ्यात जास्त गरम असेल तिथं जाऊन चिकटते. गिझरमधे सगळ्यात गरम काय तर कॉईल. ६० अंशाच्या वर पाणी गेलं की हा थर धरायचा वेग फारच वाढतो, हा आकडा लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

पाणी किती जड आहे हे घरातच कळतं. साबणाला फेस येत नाही, पाणी तापवायच्या पातेल्याला आतून पांढरी कड धरते, शॉवरची भोकं बुजतात. पण बरेच जण आरओ वाल्याकडचा टीडीएस मीटर बुडवून सांगतात की आमचं पाणी इतकं जड आहे, तसं नसतं बरं का. टीडीएस म्हणजे विरघळलेले सगळेच क्षार, त्यात मीठ पण आलं, जडपणा वेगळा मोजावा लागतो. नीट आकडा हवा असंल तर भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्ह्याच्या लॅबमधे पाण्याची बाटली द्या आणि रिपोर्टमधे टोटल हार्डनेस ही ओळ बघा. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यासाठी लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगलं आणि दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालतं असं धरलंय. तुमचा बोअर २०० च्या बराच वर असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठीच आहे.

आता एक गैरसमज. थर बसला की लाईट बिल दुप्पट येतं असं सगळे म्हणतात. इलेक्ट्रिक गिझरच्या बाबतीत ते तसं नाही, कॉईल पाण्यातच असते आणि तिची उष्णता उशिरा का होईना पाण्यातच जाते. खरं नुकसान असं होतं की थरामुळं कॉईलची उष्णता लवकर बाहेर पडत नाही, ती आतून जास्त तापते आणि एक दिवस जळते. दुसरं म्हणजे टाकीच्या तळाला गाळ साचून १५ लिटरच्या टाकीत पाणीच कमी मावतं, आणि थर्मोस्टॅटच्या नळीवर थर बसला की त्याला पाण्याचं खरं तापमान कळत नाही. मग तो एकतर उशिरा बंद होतो आणि पाणी उकळायला लागतं, नाहीतर कॉईल आणि नळी दोन्ही एकाच खड्यात अडकले की दोन-पाच मिनिटांत बंद होतो आणि आपण म्हणतो तापंना गेलाय. गॅस गिझर आणि सोलरमधे मात्र थरामुळं उष्णता खरंच वाया जाते, कारण तिथं ती तांब्याच्या किंवा काचेच्या भिंतीतून पाण्यात जायची असते आणि मधे दगड बसलेला असतो.

तपासायची सोपी पद्धत सांगतो. थंडीत टाकीतलं पाणी साधारण २० अंशाला असतं असं धरू, १५ लिटर पाणी तिथून ५५ अंशाला न्यायला साधारण ०.६ युनिट लागतं, २००० वॅटच्या कॉईलला त्यासाठी १८-१९ मिनिटं पुरतात. गिझर पूर्ण गार असताना चालू करा आणि घड्याळ लावा. पाच-सात मिनिटांत दिवा गेला आणि बादलीभर सुद्धा गरम पाणी आलं नाही तर आत खडे आहेत. अर्धा तास झाला तरी दिवा जाईना आणि पाणी वाफाळतंय तर थर्मोस्टॅट झाकलाय किंवा गेलाय. पण गावाकडं व्होल्टेज कमी असतं, २०० व्होल्ट असेल तर त्याच कॉईलची ताकद पाऊण होते आणि २४-२५ मिनिटं लागतात, तिथं गिझरला दोष देऊ नका. आणि तापताना आतून कडकड खदखद आवाज येत असेल तर वेळ मोजायची पण गरज नाही, सरळ उघडा.

उघडायच्या आधी वॉरंटी कार्ड बघा. टाकीची वॉरंटी बऱ्याचदा पाच-सात वर्षं असते आणि बाहेरच्या माणसानं उघडलं तर ती जाऊ शकते, वॉरंटीत असेल तर कंपनीच्या माणसालाच बोलवा आणि साफ करतानी समोर उभं राहून बघा. वॉरंटी संपली असेल आणि तुम्हाला वायरिंगचं काम येत असेल तरच स्वतः हात घाला, नाहीतर मिस्त्री बोलवून हेच सगळं त्याच्याकडून करून घ्या.

सगळ्यात पहिलं, फक्त बटन बंद करून भागत नाही, बोर्डावरची एमसीबी पाडा आणि टर्मिनलला टेस्टर लावून बघा, कारण जुन्या घरांत फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले असतात, मग बटन बंद असलं तरी आत करंट असतो. गरम पाण्याचा नळ सोडून टाकीत गार पाणी येऊ द्या, टाकी गार झाली की गिझरकडं जाणारा कॉक बंद करा. गार पाण्याच्या बाजूला निळी खूण आणि गरम बाजूला लाल असते. गरम बाजूचा पाईप आधी सोडा म्हणजे तिथून हवा आत शिरते, मग निळ्या बाजूचा पाईप आणि त्यावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह काढा, खाली बादली धरा, सगळं पाणी तिथूनच उतरतं. व्हॉल्व्ह न काढता नुसता पाईप सोडला तर पाणी येणार नाही, कारण त्यात उलटं पाणी अडवायची झडप असते.

मग खालचं झाकण काढा, वायरींचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, वायरी सोडवा आणि कॉईलच्या प्लेटचे बोल्ट ढिले करा. एकदम सगळे काढू नका, तळाला अजून पाणी आणि गाळ असतो तो अंगावर येतो. प्लेट बाहेर आली की तीन गोष्टी दिसतील, कॉईल, थर्मोस्टॅटची नळी आणि एक जाडसर रॉड. तो मॅग्नेशियमचा रॉड, ॲनोड म्हणतात त्याला, आणि त्याच्याबद्दल लोकांना काहीच माहीत नसतं याचं मला खरंच वाईट वाटतं. हा रॉड टाकीच्या ऐवजी स्वतः झिजतो म्हणून टाकीला गंज लागत नाही. तो झिजून आतली तार दिसायला लागली की बदलायचा, काही शे रुपयांचं काम असतं. नाही बदलला तर गंज टाकीला खातो आणि टाकी फुटली की तिला झाळ मारून उपयोग नाही, नवीन गिझरच घ्यावा लागतो. कितीतरी मिस्त्री सुद्धा कॉईल बदलतात आणि तो संपलेला रॉड तसाच परत बसवतात. तुम्ही विचारा, रॉड दाखवा म्हणा.

कॉईल साफ करायला किराणा दुकानातलं लिंबूसत्व घ्या, म्हणजेच सायट्रिक ॲसिड. एक लिटर कोमट पाण्यात ५० ते १०० ग्रॅम टाका आणि प्लास्टिकच्या डब्यात कॉईल अशी बुडवा की फक्त तापणारा भाग पाण्यात राहील, वायरीची टोकं वर कोरडी. बुडबुडे यायला लागतात, ते थांबले की पाणी बदला. लई जाड थर असेल तर रात्रभर ठेवा. ठोकू नका, स्क्रू-ड्रायव्हरनं खरवडू नका, कॉईलच्या नळीला चीर गेली की पाणी आत शिरतं आणि शॉक बसतो. टाकीच्या आतले खडे हातानं काढा आणि पाणी मारून धुवा, पण आतून काचेचा लेप असलेली टाकी असेल तर लोखंडी वस्तू अजिबात घालू नका, टवका उडाला की तिथूनच गंज धरतो.

बाथरूम साफ करायचं ॲसिड इथं वापरू नका, हे मी हात जोडून सांगतो. बरेच जण तेच ओततात कारण पाच मिनिटांत सगळं पांढरं विरघळतं. ते हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, ते चुनखडीबरोबर कॉईल आणि स्टीलची टाकी पण खातं, साफ केल्यावर दोन-चार महिन्यांत गळती लागते आणि मग दोष गिझरला देतात. त्याचा धूर फुप्फुसाला वाईट तो वेगळाच. आणि कुठलंही ॲसिड ब्लीचिंग पावडरजवळ नेऊ नका, क्लोरीन वायू तयार होतो, बंद बाथरूममधे माणूस गुदमरतो.

परत बसवताना रबरी गॅस्केट नवीनच टाका, बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे करत आवळा. पाईप जोडा, गरम पाण्याचा नळ उघडा ठेवा आणि त्यातून सलग धार येईपर्यंत टाकी भरू द्या. त्यानंतरच एमसीबी चालू करायची. कोरड्या टाकीत कॉईल चालू झाली तर क्षणात जाते. अर्थिंगची वायर परत लावलीय का ते दोनदा बघा, आणि घरात ३० मिलिॲम्पचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की लाईन तोडणारा स्विच, नसेल तर गिझरच्या आधी तो बसवून घ्या. सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी तापताना थेंब थेंब पडतं तो दोष नाही, तापलेलं पाणी फुगतं त्याला वाट लागते. त्या भोकाला बूच मारलेले गिझर मी बघितलेत, कृपा करून तसं करू नका, टाकी फुटते.

साफ झाल्यावर थर्मोस्टॅट ५५ च्या आसपास ठेवा. ७०-७५ वर ठेवून वरून गार पाणी मिसळायचं यात काही शहाणपणा नाही, थर मात्र कितीतरी जोरात धरतो. ५० च्या खाली पण नेऊ नका, कोमट साठलेल्या पाण्यात जंतू वाढतात.

आता सोलर. यात दोन प्रकार येतात, काळ्या पत्र्याचे आणि तांब्याच्या बारीक नळ्यांचे सपाट पॅनल, आणि काचेच्या नळ्यांचे. जड पाण्याला काचेच्या नळ्यांचाच घ्या. सपाट पॅनलमधल्या बारीक नळ्या चुनखडीनं बुजतात आणि त्या मोकळ्या करणं लई जिकिरीचं असतं, काचेची नळी मात्र रुंद असते, काढून धुता येते. आधीच सपाट पॅनल असेल तर बोअरचं पाणी त्याला देऊ नका.

काचेची नळी म्हणजे एकात एक दोन नळ्या आणि मधली हवा काढून टाकलेली, म्हणून आत शोषलेली उष्णता बाहेर जात नाही. नळीच्या खालच्या टोकाला आतून आरशासारखा चंदेरी डाग असतो तो वर्षातून एकदा बघा. तो पांढरा दुधी झाला तर हवा आत गेली, ती नळी दिसायला सगळ्यांसारखीच असते पण काम करत नाही. गच्चीवर जाऊन एकेक टोक बघायला दहा मिनिटं लागतात, आणि एका नळीच्या पैशात भागणारं काम असताना लोक पूर्ण सोलर बदलायला निघतात.

नळ्यांवरची धूळ हे आपल्याकडचं मोठं कारण. रस्त्याची धूळ, मळणीचा भुसा, सगळं जाऊन काचेवर बसतं. पंधरा दिवसाला सकाळी लवकर ओल्या फडक्यानं पुसा, ऊन चढल्यावर गार पाणी मारू नका. आणि सावली बघा. डिसेंबरच्या शेवटी नांदेडला भर दुपारी सुद्धा सूर्य क्षितिजापासून ४७ अंशांच्या आसपासच चढतो, त्यामुळं उन्हाळ्यात जिची सावली पडत नव्हती ती शेजारची भिंत किंवा पाण्याची टाकी थंडीत बरोबर सोलरवर सावली पाडते. सोलरचं तोंड दक्षिणेला आणि उतार निदान २० अंश, थंडीसाठी थोडा जास्तच चांगला.

मराठवाड्यात सोलर सगळ्यात जास्त कशानं फुटत असतील तर टाकी कोरडी पडल्यानं. नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही, बोअर आटलेला, टँकर दुपारी दोनला आला आणि लगेच मोटर चालू केली. कोरड्या नळीचं आतलं तापमान भर उन्हात २०० अंशाच्या वर जातं, त्यात गार पाणी पडलं की काच तडकते, एक फुटली की टाकीतलं उरलेलं सगळं पाणी त्यातून वाहून जातं. जिथं २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या लातूरच्या भागात असं पाणी वाहून जाताना बघणं फार वाईट वाटतं. म्हणून सोलर कोरडा पडला असेल तर त्याचा कॉक बंद करून ठेवा, पाणी कितीही वाजता येवो, सोलरमधे ते अंधार पडल्यावर काही तासांनी किंवा सूर्य उगवायच्या आधीच सोडा. घरातल्या सगळ्यांना हे सांगून ठेवा, कारण मोटर चालू करणारा माणूस रोज वेगळा असतो.

टाकीच्या वर एक उभी उघडी नळी असते, एअर व्हेंट. गरम पाण्याबरोबर येणारे क्षार तिच्या तोंडाला धरतात, कधी गांधीलमाशी घर करते. ती बुजली की एकतर टाकी आतून दबते किंवा फुगते, आणि पाणी थांबत थांबत येतं. काडी घालून मोकळी करा, झालं.

आतून धुवायचं असेल तर पहाटे किंवा संध्याकाळी टाकी रिकामी करा, बाहेर निघालेलं पाणी पिंपात धरा, वाया घालू नका. नळी थोडी फिरवत वर सरकवली की खालचं टोक कपातून सुटतं. खाली साचलेला गाळ ओता, लिंबूसत्वाचं पाणी भरून रात्रभर उभी ठेवा, लांब ब्रशनं घासा. टाकीच्या भोकातली रबरी रिंग कडक झाली असेल तर बदला आणि नळी परत घालताना साबणाचं पाणी लावा, जोर करू नका. सोलरच्या टाकीत पण मॅग्नेशियम रॉड असतो, तो याच वेळी बघून घ्या.

गच्चीपासून बाथरूमपर्यंतच्या गरम पाईपला फोमचं आवरण घाला. गरम पाणी येईपर्यंत जी गार धार सोडून देतो ती बादलीत धरा, भांड्याला, झाडाला, कशालाही चालते.

गॅस गिझरबद्दल थोडंच पण मनापासून. त्याच्या तांब्याच्या नळीत क्षार बसतात, धार बारीक होते, त्याला वर्षातून एकदा वरच्या पद्धतीनं लिंबूसत्व फिरवून घ्यावं लागतं, ते माहितगाराकडूनच करा. ज्योत निळी पाहिजे, पिवळी झाली तर बर्नर काजळलाय आणि कार्बन मोनॉक्साईड तयार व्हायलाय. त्या वायूला वास नाही, रंग नाही, माणूस आंघोळ करता करता बेशुद्ध पडतो. गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर मोकळ्या हवेतच बसवा, आत असेल तर आजच काढून घ्या. लहान लेकरं एकटी आंघोळीला जातात, त्यांना ओरडायला पण वेळ मिळत नाही.

बादलीतला रॉड वापरत असाल तर स्टीलची बादली नको, आधी प्लग काढायचा आणि मगच पाण्याला हात लावायचा. त्याचा थर पण लिंबूसत्वानंच निघतो.

थर बसूच नये म्हणून बाजारात बरंच काही मिळतं. मीठ घालून चालणारा सॉफ्टनर खरंच काम करतो, पण तो धुवायला पाणी जातं आणि ज्याच्याकडं पाणीच टँकरचं आहे त्याला मी घ्या म्हणणार नाही. पाईपवर बांधायचे चुंबकाचे पट्टे मी कुणाला सुचवत नाही. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे दोन टाक्या वेगळ्या करा. नांदेडला विष्णुपुरीचं, लातूरला मांजराचं, संभाजीनगरला जायकवाडीचं नळाचं पाणी धरणाचं असतं, ते बहुतेक ठिकाणी बोअरपेक्षा हलकं असतं, ते फक्त स्वयंपाक आणि गिझर-सोलरला जोडा आणि बोअर फरशी, संडास, गाडी धुण्याला ठेवा. एका दिवसाचं प्लंबिंगचं काम आहे. पावसाळ्यात गच्चीचं पाणी गाळून टाकीत घेता आलं तर आणखी चांगलं, त्यात क्षार जवळजवळ नसतातच.

साफ करायची वेळ म्हणाल तर पाऊस संपला की दिवाळीच्या आधी एकदा. बोअरचं पाणी जास्तच जड असेल तर होळीनंतर परत एकदा.

आणि उन्हाळ्याचं विसरू नका. सोलरमधे सगळ्यात जास्त क्षार एप्रिल-मे मधेच बसतात, कारण बाहेर ४२ अंश, गरम पाणी कुणी वापरत नाही, आणि टाकीतलं पाणी दिवसभर ८०-९० अंशाला तसंच पडून असतं. म्हणून होळी झाली की अर्ध्याहून जास्त नळ्या शेडनेट किंवा ज्वारीच्या पोत्यानं झाकून दोरीनं घट्ट बांधा, वळवाच्या वाऱ्यात उडून जाणार नाही असं. राहिलेल्या दोन-चार नळ्यांत भांड्यापुरतं पाणी तापतं. पोतं काढायचं ते पण सूर्य उगवायच्या आधी काढा, आणि टाकी भरलेली आहे हे बघूनच.